दिंद्रुडच्या वरून

मंगळवार, दिंद्रुड

काल वडलांना, अण्णांना, माती दिली. आज दिवसभर माणसं भेटायला येत होती आणि माझ्या डोक्यात फोनमधल्या नकाशातला तो बाणच फिरत होता.

परवा महेशचा, धाकट्याचा, फोन आला. "अण्णांचं लई अवघड हाय, निघ." हैदराबादहून गाडीनं उशीर झाला असता, म्हणून जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो. गाडीत रस्ता दाखवतं ते फोनमधलं विमानात चालतं का, ठाऊक नव्हतं. हवाई सुंदरी म्हणाली, "फ्लाइट मोड ठेवा आणि बघा." नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून, गावाचा रस्ता लावून घेतला होता. फोन खिडकीला टेकवला, तर चाललं की. बाण शेतांवरून पळायचा, मध्येच एखाद्या रस्त्याला चिकटायचा. मग दिंद्रुडचं नाव आलं आणि फोनमधली रस्ता सांगणारी बाई म्हणाली, "डावीकडे वळा."

वळणार कसा? खाली बघितलं, नुसते ढग. बाण गावावरून पुढे गेला. संभाजीनगरला उतरून जीपनं माघारी येईपर्यंत अण्णा गेले होते.

हे आईला सांगायचं नव्हतं. पण मघाशी तिनंच विचारलं, "इमानानं येऊन बी उशीर कावून झाला रे?" मग सांगितलं, की दिवस मावळायच्या आधी आपल्या गावावरूनच गेलो होतो.

 ती म्हणाली, "तवा बोलत होते ते. तुलाच हाका मारीत होते."