हॅलोथेन सुरू करण्याआधी चढलेली सुई

सर, तुम्ही वारलात त्याला इतकी वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. आधी तेच सांगतो, म्हणजे पुढे कुठे गोड बोललो तरी तुमचा गैरसमज नको.

तुर्भ्याच्या कारखान्यात आम्ही केमिकल कंपन्यांसाठी गॅस मोजायची यंत्रं बनवायचो. नळीच्या एका टोकाला तापलेली तार, दुसऱ्या टोकाला तिचे न दिसणारे किरण ओळखणारा डोळा. मधून गॅस गेला की तो काही किरण अडवतो, आणि जितके अडतील तितकी सुई चढते. तुम्ही भूल देणारे डॉक्टर; एकदा कारखान्यात ते बघून तुम्हीच म्हणालात, "मग पेशंटच्या श्वासातला भुलेचा गॅस, हॅलोथेन, का नाही मोजता येणार? भूल देताना आम्ही निव्वळ अंदाजावर चालतो रे." त्या एका वाक्यापायी मी आठ महिने घातले. रविवारी तुमच्या वाशीच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर पुस्तक उघडं टाकून तुम्ही मला श्वास शिकवलात. आत घेतलेला वेगळा, सोडलेला वेगळा. तुमच्या मिसेस पोह्यांची बशी पुस्तकावरच ठेवायच्या आणि तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात. दहावी नापास माणसाला इतकं जीव लावून कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून पुढचं जास्त लागलं.

खाडीवरचा पूल होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. यंत्राच्या चाचणीचा दिवस. तुमच्या हॉस्पिटलचे दोन ट्रस्टी ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेत. यंत्र आज चाललं तर हॉस्पिटल ते ठेवून घेणार आणि आमचा मालक ते बनवायला घेणार, असं ठरलेलं. टेबलावर हर्नियाचा पेशंट, तोंडावर मास्क, अजून नुसता ऑक्सिजन. आणि सुई एकावर.

"हॅलोथेन बंद आहे ना?" तुम्ही सिस्टरला विचारता.

"बंद आहे सर."

"मग ही कुणाची भूल मोजतेय? माझी की तुझी?"

सिस्टर हसते. मी नळी काढतो, सुई शून्यावर. जोडतो, पुन्हा एकावर.

"उचल ते खोकं," तुम्ही म्हणता. "मिठागरातली माणसं तुम्ही. खारं पाणी मोजा. श्वास आमच्याकडे राहू दे."

मी खोकं उचललं आणि दाराशी उभा राहिलो. तुम्ही भूल दिलीत आणि थोड्याच वेळात पेशंटला उलटी झाली. टेबलाचं डोकं खाली, मान एका बाजूला, सक्शन; उलटी फुप्फुसात उतरू नये म्हणून सगळं तुम्ही डोळ्याचं पातं लवायच्या आत केलंत. माणूस वाचला. हात तुमचे चांगले होते, ते मी कधी नाकारलं नाही. पण शुद्धीवर आल्यावर त्यानेच कबूल केलं की सकाळी दारू प्यायला होता. दारूची वाफही तेच किरण अडवते, हे तुमच्या त्याच पुस्तकात होतं. सुई खरं बोलत होती आणि ते तुम्हाला कळलं होतं. तरी ट्रस्टींना तुम्ही सांगितलंत, "यंत्राच्या गोंधळात माझं लक्ष गेलं." मालकाने काम बंद केलं आणि मला पॅकिंगला बसवलं.

मी नोकरी सोडली, कोपरखैरण्याला पत्र्याची शेड घेतली. यंत्रात दुसरी काच बसवली, फक्त हॅलोथेन अडवतो तेच किरण सोडणारी. आजूबाजूच्या सगळ्या हॉस्पिटलांत माझी यंत्रं गेली, तुमचं सोडून. मग एकदा तुम्ही स्वतः आलात. आतून मी ऐकत होतो, माझ्या माणसाला तुम्ही सांगत होतात, "मीच शिकवलंय तुझ्या शेटला." भर मे महिन्यात तुम्हाला पत्र्याखाली बसवून ठेवलं, दोनदा चहा पाठवला आणि मग बाहेर येऊन म्हणालो, "सर, खारं पाणी मोजायच्या ऑर्डरी तुंबल्यात. तुमचा नंबर लागायला वेळ आहे." तुम्ही कप खाली ठेवलात, मान हलवलीत आणि निघून गेलात. त्या दुपारी मी दोन माणसांचं जेवलो. तुमचा नंबर मी कधीच लावला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मात्र कुणाला बोललो नाही. त्या सकाळी व्हरांड्यात पेशंटची आई सुनेच्या कानाशी लागून सांगत होती, "वाईच पाजलीय त्याला, लय भ्यालता. डाक्टरला नको सांगू." तुमच्या सिस्टरला आमची बोली कळली नसती. मला कळली. तुमच्यापुढे आमच्या माणसांची लाज निघायला नको म्हणून मी गप्प राहिलो. सुई चढली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, सांगायला तोंड उघडलंसुद्धा, तेवढ्यात तुम्ही मिठागर काढलंत. मग म्हटलं, आता नाही सांगत. तुम्ही हॅलोथेन सुरू केलात तेव्हा मी दाराशी उभा होतो, माहीत असून. तो माणूस अजून बाजारात भेटला की लांबून हात करतो, "काय शेट, बरा हाय ना?" तुमच्यापर्यंत हे पत्र पोचणार नाही, त्याच्या घरी पोचू शकतं. तिकडेही मी ते पाठवणार नाही.