सरांचा उजवा हात

आदरणीय सर,

आज तुमच्या सत्कारात सगळ्यात लांबलचक भाषण मीच ठोकलं. तुम्ही आम्हाला कसं घडवलंत ते सांगितलं, एक गोष्ट मात्र गिळली.

निवृत्तीआधी तुम्ही माझ्या प्रबंधातली रासायनिक अभिक्रिया तीनदा करून पाहिलीत. मी ऐंशी टक्के उत्पादन लिहिलं होतं. तुम्हाला तीसच्या वर मिळेना. "हात थरथरतो रे आता, माझंच चुकतंय," म्हणालात आणि प्रयोगशाळेची किल्ली माझ्यापुढे ठेवलीत.

सर, मलाही कधी तीसच्या वर मिळालं नव्हतं.

आज मानपत्र घेतानाही तुमचा उजवा हात कोटाच्या खिशातच होता. तो चुकला नव्हता, एवढंच सांगायला भाषणाला उठलो होतो, पण बाकी सगळं बोलून, टाळ्या वाजवून खाली बसलो.

हे पत्र खणात, किल्लीशेजारी ठेवतोय.

तुम्ही सगळ्यांना ज्याचं उदाहरण देता, तो
तुमचा विद्यार्थी