फलाट क्रमांक हाच

ती. ताईच्या पायांशी धाकट्याचा नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला एव्हाना गेला असेल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे माझी उजवीकडची खालची दाढ सोडली तर. तिच्यापायी जे रामायण घडलं ते पत्रातच लिहितो, कारण फोनवर सांगायला गेलो की तू ऐकायच्या आधीच हसायला लागतेस.

बसस्थानकाच्या त्या काचेच्या खोलीत बसून मी दिवसभर गाड्या पुकारतो, हे तुला ठाऊकच आहे. घसा कोरडा पडू नये म्हणून तोंडात सतत एक गोड गोळी असते. (खोकल्यासाठी म्हणून विकतात, तेव्हा ते औषधच, अशी माझी समजूत.) तर ही दाढ आधी गार पाण्याने कळवळायला लागली, मग गरम चहाने, आणि शेवटी कुणी काही न करता आपली आपण ठणकायला लागली. मी लवंग धरली, मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, एका बाजूने जेवलो. मग एके सकाळी ठणका एकदम थांबला. मी घरभर जिंकल्यासारखा फिरलो. पण त्याच आठवड्यात गाल असा फुगला, की बायकोने माझ्या चपला दारात आणून ठेवल्या.

दातांची डॉक्टरीण वयाने लहान, बोलायला मऊ आणि हाताला घट्ट. फोटो काढून म्हणाली, "काका, दाताला लागलेली कीड म्हणजे किडा नसतो हो. दातांवर गोड राहिलं की त्यावर जंतू पोसतात, आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दात पोखरतं. तुमचं पोखरणं आतल्या नसेपर्यंत गेलंय. ठणका थांबला तो नस मेली म्हणून, दाढ बरी झाली म्हणून नव्हे. दिवसभर काय चघळता?" मी खिशातून डबी काढून दाखवली. (रीत म्हणून तिलाही एक गोळी पुढे केली. तिने घेतली नाही.) मग कळलं की दाढ उपटायची गरज नाही. आतली मेलेली नस काढायची, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून भरून टाकायच्या आणि सगळ्यांत शेवटी वर टोपी बसवायची. म्हणजे पुन्हा पुन्हा जाणं आलं.

ताई, मी अत्यंत धीराने तोंड उघडलं. इंजेक्शन घेताना हूं की चूं केलं नाही. (आरसा, पाणी ओढणारी नळी आणि तिची बोटं एवढं सगळं तोंडात असताना ती विचारते, मुलं काय करतात? आता काय सांगणार!)

खरी फजिती पुढे आहे. माझा जोडीदार रजेवर, म्हणून तिथून मी थेट कामावर गेलो. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला जाईल, असं तिने बजावलं होतं. बोलू नका असं काही म्हणाली नव्हती. खालचा ओठ म्हणजे कुणीतरी विसरून गेलेली उशी. मी माइक चालू केला आणि नेहमीच्या रुबाबात पुकारलं, गाडी लागत आहे, फलाट क्रमांक पाच. पण प, फ म्हणायला ओठाला ओठ लागावा लागतो, आणि माझा तर जागेवरच नव्हता. बाहेर ऐकू गेलं, "हलाट क्रमांक हाच!"

झालं. जो जिथे उभा होता त्याला वाटलं, आपलाच फलाट. सगळे प्रवासी सामान खाली ठेवून निवांत उभे, आणि पाचवर गाडी रिकामी. मी पुन्हा पुकारलं, आणखी खणखणीत. लोक आणखी निवांत झाले. काचेतून दिसत होतं, एक मुलगी छातीशी फाइल धरून तीनवर उभी आहे आणि सारखी घड्याळ पाहते आहे. गाडीचं इंजिन सुरू झालं तसा माझा धीर सुटला आणि मी जिना उतरून धावत सुटलो.

फलाटांवर धावत मी सगळ्यांना पंजा दाखवत होतो. एका आजीबाईंनी आशीर्वाद समजून डोकं पुढे केलं. एका पोराने टाळी दिली. एक गृहस्थ माझा दंड धरून म्हणाले, "तो वरचा माणूस पिऊन बसलाय. चला, तुम्हीही तक्रार करायला या." मी मान डोलावली. दुसरं करणार काय? शेवटी त्या मुलीची पिशवी उचलली आणि पाचकडे पळालो. ती ओरडली, "चोर! पकडा त्याला!" आणि ताई, जे माझ्या पुकारण्याने झालं नाही ते तिच्या ओरडण्याने झालं. सगळा जमाव माझ्यामागे पाच नंबरला आला. वाहकाने मला ओळखलं म्हणून मार वाचला. मुलगी मुलाखतीला निघाली होती. खिडकीतून तिने हात जोडले, आणि गाडी भरून गेली.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. पुढच्या सोमवारी पुन्हा दाढेसाठी जायचं आहे. मी काही घाबरलेलो नाही. तरी तू सहज म्हणून चार दिवस राहायला आलीस तर बरं होईल. बायको म्हणते, ती आता माझ्याबरोबर आत येणार नाही.

ता.क. दुसरा, माझा. वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हूं की चूं केलं नाही म्हणे! यांचा आवाज ऐकून बाहेरच्या बाकावरची माणसं उठून घरी गेली. माझा हात अजून चेपलेला आहे. तुम्ही मात्र नक्की या. त्याच सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे तुमचीही वेळ घेऊन ठेवली आहे. गेल्या वेळी इथे होतात तेव्हा भाकरी दुधात भिजवून खात होतात आणि वर आवडते म्हणत होतात, ते मी पाहिलं आहे. यांना यातलं काही सांगू नका. तुम्ही त्यांना धीर द्यायला येताय, असंच वाटू दे.