काळ्या टेपचा जोड

आष्टा

प्रिय कीर्ती,

जय जिनेंद्र. हे तिसरं पत्र, आधीची दोन फाडली. पाणी उकळून पितेस ना? तुझा बाबा परवा बोलता बोलता म्हणाला की सोमवारी अर्ज देऊन तू कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स सोडणार आहेस. हाताला काम जमत नाही म्हणतेस. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

कवठे महांकाळला आर्जवमामाने शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद बदलायला पाणी काढलं. गाळात तू बनवलेली रिमोटवरची छोटी पाणबुडी सापडली. एसटीने जाऊन मी ती आणली. आतला सर्किटचा डबा कोरडा आहे. झाकणाची रबरी रिंग तू चांगली बसवली होतीस.

ती बुडाली तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. पाणबुडी खाली गेली, तू वेग वाढवलास आणि ती वर आलीच नाही. मामाच्या मळ्यातला गडी आकाराम ओरडला, "लय खोल गेली गं पोरी, आता कर्नाटकात निघंल!" सगळे हसले. तू नुसती रिमोटकडे बघत राहिलीस. आणि मी, सातवी शिकलेला, पण चाळीस वर्षं पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस, चार लोकांत म्हणालो, पोरीचा सोल्डरिंगचा डाग कच्चा राहिला असेल.

आदल्या रात्री, रिमोटचा इशारा पकडणाऱ्या रिसिव्हरची छोटी बॅटरी चार्जिंगला लावायचं एवढंच काम तू मला दिलं होतंस. मी विसरलो. सकाळी आठवलं. आज्जा आता कामाचा राहिला नाही असं तुला वाटेल, या भीतीने तू नाष्टा करत असताना मी डबा उघडला आणि रिसिव्हरला मोटारीच्याच मोठ्या बॅटरीवरून तारा दिल्या. मोटारीने जोर घेतला, रिसिव्हरला वीज पुरली नाही, तो बंद पडला आणि पाणबुडी तुझ्या रिमोटचं ऐकेनाशी झाली. मळ्यात पंप सुरू झाला की घरातला दिवा मंद होतो, हे मी जन्मभर बघत आलोय. तळ्याच्या काठावरच मला सगळं कळलं होतं, पोरी. तरी तोंड उघडलं नाही.

डबा पार्सलने पाठवतोय. आत काही बदललेलं नाही. तुझे डाग भिंगातून बघितले, एकही सुटलेला नाही. दोन तारा नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली दिसेल, ते काम माझं. आकारामला सांगितलंय, आता तो मला हसतो. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण डबा उघडल्याशिवाय अर्ज देऊ नकोस.

तुझाच,
शांतिनाथ आज्जा