कोणत्या मैत्रिणीकडे?

पोरी,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही आणि मला तो नकोच. कळला तर माझ्या तोंडावर दिसेल.

सकाळी तुझा नवरा आला, चपला घालूनच आत. "आजी, चिठ्ठीत लिहिलंय, मैत्रिणीकडे जाते. कोणत्या?"

तुझा सुजलेला डोळा मी पाहिला होता. म्हणे दार लागलं! मी काय आंधळी आहे?

आमच्या शिवणाच्या कारखान्यात बायकांचा एक नियम होता. कुणी मार खाऊन पळाली आणि नवरा शोधत आला, की म्हणायचं, "इथे होती, आता अमकीकडे गेली." तो दारोदार फिरायचा, तोवर ती लांब पोचायची. शेजारीण चौकशा करते, बहीण रडत बसते. मैत्रीण काही न विचारता खोटं बोलते.

म्हणून मी त्याला काजंवालीचा, कारखान्यात माझ्याशेजारी बसून काजं करायची तिचा, पत्ता दिला. तो गेला आणि मग मनात आलं, म्हातारीला नियम आठवेल का? तिच्याकडे फोनही नाही.

दुपारी त्याचाच फोन आला, चिडलेला. "ती बाई म्हणते, काल इथे होती, आज कॉलरवालीकडे गेली."

दात पडले, पण बाई विसरली नाही. फक्त कॉलरवाली मागच्या वर्षी मेली, हे तिला कुणी कळवलंच नाही. तिथे तिचा मुलगा असतो. तो खरं सांगेल, मग हा इथेच येईल. आणि पुढचं नाव माझ्याजवळ उरलेलं नाही.

कडी लावलीय. अक्षर वाकडं येतंय, हसू नकोस.

जिना वाजतोय. कागद गिळावा लागला तरी गिळीन.

तुझी आजी