रविवारी दुकान बंद

बाबा,

आज रविवार आहे आणि दुकान बंद आहे. ऐन लग्नसराई आहे, बाहेरून दोनदा कोणीतरी शटर वाजवून गेलं, तरी मी उठलो नाही. मागच्या खोलीत बसून हे लिहितो आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडलो, कागदावर आज पहिल्यांदा भांडतो आहे. आधीच सांगून ठेवतो, माफी मागायला बसलेलो नाही.

मी काय करतो ते तुम्हाला पुढं कळलं होतं, पण तुम्ही ते कधी तोंडानं म्हटलं नाही. कोणी विचारलं तर 'पोरगा नागपुरात असते' एवढंच सांगायचात. तर आता ऐका. भद्रावतीत, बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. तुमची सून मापं घेते, कापते, मशीनवर शिवते. मी फक्त हातकाम करतो. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं, एक हात वर आकड्याच्या सुईवर, दुसरा खाली दोऱ्यावर, आणि साडीच्या काठावर, ब्लाउजच्या बाहीवर वेलीमागून वेली भरत जायचं. यंदा पोळा झाल्यापासून मान वर करायला सवड मिळाली नाही. आधी दसऱ्यासाठी पांढऱ्या साड्या आल्या. दीक्षाभूमीला जाणाऱ्या बायांना काठावर निळं काम हवं असतं, आणि प्रत्येकीला आपली निळाई शेजारणीपेक्षा वेगळी हवी असते. त्या संपतात तो दिवाळीची ब्लाउजं, ती संपतात तो नवऱ्यामुली. चंद्रपूरच्या, वरोऱ्याच्या बाया गाडी करून येतात, बाबा. मशीनचं भरतकाम त्यांच्या घराशेजारी मिळतं, तरी येतात.

मी बारा वर्षांचा असतानाचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरलो. माजरीच्या कोळसाखाणीच्या कॉलनीत आपल्या क्वार्टरला लागून तेलुगू काकू राहायच्या. दुपारी त्यांच्या अंगणात चारपाच बाया भरतकाम करत बसायच्या आणि त्यांच्यात मी. काकूंना मराठी धड येत नव्हतं, त्या माझा अंगठा धरून टाका शिकवायच्या. त्या दिवशी तुम्ही पहिल्या पाळीवरून येता. तोंड काळं, फक्त डोळे आणि दात तेवढे दिसतात. अंगणाच्या दाराशी थांबता, बायांच्या घोळक्यात बसलेल्या मला बघता, आणि मनगट धरून घरी आणता. माझ्या मुठीत रुमाल आहे. त्यावर मी आठ दिवस खपून मोर काढला आहे, त्याची नुसती शेपटी भरायची राहिली आहे. तुम्ही तो रुमाल घेता, खाली बसता आणि त्यानं तुमचे खाणीतले बूट पुसता. आधी डावा, मग उजवा, सावकाश. मग रुमाल माझ्या हातात ठेवून म्हणता, "आता कामाचा झाला." मारलं असतंत तर मी आजपर्यंत विसरलो असतो. आई चुलीपाशी होती. तिनं पातेल्यावरची झाकणी उचलली आणि परत ठेवली, बाकी काही केलं नाही.

पुढं तुम्ही मला वरोऱ्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला घातलंत. पास झालो तेव्हा चामड्याच्या पिशवीत पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर असा नवा सेट आणलात. तुम्ही स्वतः दुकानात जाऊन माझ्यासाठी निवडून आणलेली ती एकच वस्तू. मी ती घेऊन नागपूरला गेलो आणि मोटारीचं वाइंडिंग भरण्याच्या दुकानात लागलो असं तुम्हाला कळवून दोन वर्षं साडीवर जरीकाम शिकलो. चौकटीवरचा दिवा मी तुमच्याच पकडीनं जोडला, एवढा उपयोग मात्र झाला.

आणि तुमचा तो संडे. आपल्याकडं रविवार नव्हताच, संडे होता. संडे लागला की डबल हजेरी, म्हणून तुम्ही तो मागून घ्यायचात. चंद्रपूरला रामाळा तलाव दाखवायला नेतो, हे तुम्ही आम्हा भावंडांना कितीदा म्हणालात. शनिवारी आई आमचे कपडे धुऊन, घडी घालून उशीखाली ठेवायची. सकाळी उठून बघावं तर तुमचे बूट दाराशी नसायचे. "बाबाले संडे लागला," असं आई सांगायची आणि आम्ही ते कपडे घालून कॉलनीतच फिरून यायचो. तुम्ही हे आमच्यासाठी केलं असं सगळे म्हणतात. असेल. पण आम्हाला एकदाही विचारलं नाही की पोरांनो, तुम्हाला काय पाहिजे.

दवाखान्यातल्या त्या दुपारबद्दल मी आजवर कोणाशी बोललो नाही. तुमची नोकरीची वर्षं अजून शिल्लक होती आणि छाती साथ देत नव्हती. आई चहा आणायला खाली गेली होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. म्हणालात, "मी गेलो त नोकरी तू घेजो. मर्दासारखा जगशीन." मी मान हलवली. ती हो म्हणायला हलवली असं तुम्हाला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. तुम्ही गेल्यावर खाणीच्या ऑफिसातून वारसाच्या नोकरीचे कागद घरी आले. मी सहीला बसलो तेव्हा धाकटी बहीण समोर येऊन उभी राहिली. बारावी होऊन घरीच होती, तिच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. ती म्हणाली, "दादा, तुले नको असन त मले दे." मी कागद तिच्यापुढं सरकवले. नातेवाइकांनी महिनाभर आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. आज ती वजनकाट्यावर आहे. कोळशाचे ट्रक तिच्यासमोर रांगेत उभे राहतात आणि तिनं चिठ्ठी दिल्याशिवाय एकाचंही चाक हलत नाही. लग्नही तिनं तिच्या मनानं केलं, तिच्या वेळेवर केलं. तुमची नोकरी वाया गेली नाही, बाबा. ती ज्याला नको होती त्याच्याकडून जिला हवी होती तिच्याकडं गेली. तुम्ही हयात असताना तिला विचारलं असतं तर तिनं तुम्हालाही हेच सांगितलं असतं.

तर यंदाच्या सीझनला मी ठरवलं की पोळ्यापासून एकही रविवार दुकान उघडायचं नाही. बायको म्हणाली, डोकं फिरलं का, हेच तर तीन महिने असतात. मी पाटी लिहून लावली. पहिल्या रविवारी आम्ही गावातल्याच विजासनच्या लेण्यांवर गेलो. गावात राहून मुलीनं ती आतून पाहिली नव्हती. आई भल्यामोठ्या बुद्धमूर्तीपुढं बसली ती उठेचना. मग रामाळा. बहीण तिची जुनी घेतलेली गाडी घेऊन आली, तिची दोन पोरं, माझी मुलगी, आई, सगळी कोंबून बसलो. तलावावर विशेष काही नाही, बाबा. जलपर्णी आहे आणि काठावर शेंगदाणेवाले आहेत. पण बहीण आणि मी काठावर उभं राहून इतके हसलो की पोरं आमच्याकडं बघायला लागली. ऑक्टोबरात पांढरे कपडे घालून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलो. गर्दीत माझ्या हातचे काठ मला लांबून ओळखू येत होते. मुलीला एकेक दाखवत होतो, तो बघ, तो पण.

शेवटचा मोठा बेत चामोर्शीकडचा होता, आईच्या माहेरचा. तिचा भाऊ गेल्यापासून ती तिकडं गेली नव्हती. धान कापणीला आलं की तिला गाव आठवतं, पण ती बोलत नाही, नुसती तांदूळ निवडत बसते. रविवारी निघायचं आणि शनिवारी दुपारी दुकानात कोण यावं? पहिल्या पाळीतले तुमचे जोडीदार. वीस वर्षं तुमच्यासोबत खाली उतरले ते काका. नातीच्या लग्नाची साडी माझ्याकडं होती, पदर अर्धा भरून झाला होता. लग्न दोन आठवड्यांवर होतं, पण मधेच साखरपुडा ठरला आणि साडी त्यांना सोमवारी सकाळी हवी झाली. मी म्हटलं, काका, सोमवारी नाही होणार, गुरुवारी देतो. ते म्हणाले, उद्या बसून काढ. मी म्हटलं, उद्या दुकान बंद आहे. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "संडेची डबल हजेरी धर ना बे."

मी नाही म्हटलं. दुकानात चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यादेखत काका म्हणाले, "तुह्या बापानं जिंदगी खाली काढली. तू त्याची नोकरी सोडून बायकायची कामं करून राह्यला, अन् वरून हा रुबाब." माझ्या हातात सुई होती, ती मी कापडात टोचून ठेवली. मी म्हटलं, "काका, बाबाले एकही रविवार भेटला नाई. मले भेटून राह्यला. मी तो विकत नाई." एवढंच म्हटलं. आवाज चढवला नाही, हे बायकोला विचारून खात्री केली. काकांनी साडी चौकटीवरून सोडायला लावली, अर्धा पदर तसाच गुंडाळला आणि चंद्रपुरात मशीनवर करून घेतो म्हणून निघून गेले. त्या दुपारी एका बाईनंही तिचं कापड परत मागून घेतलं.

तरी रविवारी बहिणीच्या गाडीतून गेलो. वैनगंगेच्या पुलावर आईनं गाडी थांबवायला लावली आणि उतरून कठड्याला धरून पाच मिनिटं नदी बघितली. गावात धान कापून ठेवलेले, बांधांवर भारे, सगळीकडं ओल्या तणसाचा वास. आईनं मी भरलेलं ब्लाउज घातलं होतं, निळ्यावर पांढरी जाई. तिची लहानपणीची मैत्रीण आली, तिनं आईचा दंड धरून बाही उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कोण केलं वं हे?" आई म्हणाली, "माह्या पोरानं." मैत्रीण माझ्याकडं बघून म्हणाली, बाप्या माणसाच्या हाताला हे कसं आलं. आणि आई, जी आयुष्यात कधी बनवून बोलली नाही, ती शांतपणे म्हणाली, "त्याच्या बापानं शिकवलं त्याले."

परतताना मी तिला विचारलं, असं काऊन सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मंग काय सांगू? बूट पुसले म्हणून सांगू?" बहिणीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

बुधवारी काकांची नात आली. काका बाहेर स्कूटरपाशी उभे. साखरपुडा दुसऱ्या साडीवर उरकला होता. मशीनवाल्यानं सांगितलं की हातचं अर्धं काम आणि मशीनचं अर्धं काम एका पदरावर बसत नाही, सगळं उसवावं लागेल. पोरगी रडवेली झाली होती. तिचा काय दोष? मी साडी परत ताणली आणि शनिवारी दुपारी पूर्ण करून दिली. न्यायला काका स्वतः आले. त्यांनी पदर उजव्या बाजूनं पाहिलाच नाही, उलटा केला आणि मागच्या टाक्यांवरून बोट फिरवत गेले, गाठ कुठं लागते का बघत. लागली नाही. मग मान खालीच ठेवून त्यांनी विचारलं, "हे कोणाजवळ शिकला तू?"

तेलुगू काकूंचं नाव माझ्या ओठावर होतं. त्या अजून आहेत, मंचेरियालला लेकाकडं असतात, दिवाळीला फोन करतात. आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबाजवळ."

काकांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तुमच्याबरोबर वीस वर्षं खाणीच्या पिंजऱ्यातून खाली गेलेला माणूस, त्याला कोण फसवणार. "खोटं बोलून राह्यला," ते म्हणाले. मी कबूल केलं, "हाव." मग साडी काखेत धरून, मला लग्नाला ये म्हणून सांगून गेले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मापांच्या जुन्या वहीत ठेवून देईन. तुम्ही जे केलं ते मी विसरलेलो नाही, सही न केल्याचा पस्तावा मला नाही, आणि पुन्हा कागद आले तरी मी ते धाकटीकडंच सरकवीन. एक गोष्ट मात्र आहे, ती तेलुगू काकूंना मी सांगितलेली नाही, आईलाही नाही. या आठवड्यात आणखी दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, कुठं शिकलात. त्यांना खोटं सांग असं मला कोणी म्हटलं नव्हतं, बाजूला आई नव्हती, काका नव्हते. दोघींनाही मी सांगितलं, आमच्या बाबांनी शिकवलं.