कोहळ्याच्या फोडी

अप्पा, आज आयुधपूजा. सकाळी नव्या स्कूटरची पूजा झाली आणि तुमची नात ती घेऊन एकटीच कृष्णराजनगरला गेली. तिथल्या शाळेत नोकरी लागली आहे, आता रोजच जायचं, म्हणून रस्ता बघून येते म्हणाली. "आई, तू सुम्ने, उगाचच काळजी करू नको," एवढं बोलून निघालीसुद्धा. मन चिंती ते वैरी न चिंती. मी घरात बसूनच तिच्या मागे चालले आहे. हूटगळ्ळी, येलवाळ, तिथून उजवीकडे, मग सागरकट्ट्याचा पूल, मग भाताची शेतं. पण माझ्या मनातला रस्ता तुमच्या बसचाच आहे. एका गाडीपुरतं डांबर, दोन्हीकडे चिंचा, समोरून बैलगाडी आली की तुम्ही चाक तांबड्या मातीत उतरवता. चिंचा केव्हाच तोडल्या. रस्ता रुंद झाला तशी गाड्यांना घाईही आली. मला धड चहासुद्धा जात नाही.

एका आयुधपूजेला तुम्ही मला बरोबर नेलं होतं. बसला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. दृष्ट काढून कोहळा रस्त्यावर आपटला, कुंकवाने लाल झालेल्या फोडी चारीकडे उडाल्या, आणि सगळे चुरमुरे घ्यायला पळाले. तुम्ही मात्र वाकून फोडी उचलत होता. आदल्या वर्षी अशाच फोडीवरून एक मोटरसायकलवाला घसरून तुमच्या बससमोर पडला होता, ब्रेक लागला म्हणून वाचला. कंडक्टर हसत म्हणाले, "काय हो, लोकांची दृष्ट उचलून घरी नेता?" तुम्ही म्हणालात, "इर्ली बिडो, असू दे. रोडवर ठेवली तर कुणाला तरी लागणारच की."

शेवटी हे लिहिणं थांबवून झाडू आणि बादली घेऊन मी हायवेच्या कोपऱ्यावर गेले. कुणाकुणाचे कोहळे फुटले होते. झाडूला चिकटलेल्या फोडी हातानेच काढल्या. शेजारीण गेटमधून बघत राहिली, जवळ आली नाही.

पोर तासाभराने आली. हेल्मेट काढत म्हणाली, "आई, येलवाळपर्यंत नुसता कोहळाच कोहळा, आपल्या वळणावर तेवढं साफ होतं." मी झाडू पायानेच दाराआड सरकवला. हा कागदही तिला दिसायच्या आत फाडून टाकीन. तुमच्याइतकी धीट मी नाही, अप्पा. तिला जवळ घ्यायच्या आधी मी आत जाऊन हात पुन्हा एकदा धुऊन आले.